एकही खाडा नाही

२ मार्च, सोमवार

आज मला बढती मिळाली म्हणे. टेबल तेच, खुर्चीचा मोडका हात तोच, फक्त साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की या बाई आता नुसते हातमोजे तपासणार नाहीत, हातमोजे करणारी माणसंही तपासतील. आमच्याकडून माल घेणाऱ्या बड्या कंपनीनं विचारलंय, तुमचे हातमोजे शिवतं कोण, आपखुशीनं शिवतं की कुणी डांबून ठेवून शिववून घेतं? साहेबांना या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही. मला तरी कुठे माहीत आहे! बावीस वर्षं मी बागकामाचे जाड हातमोजे उलटेपालटे करून बघतेय. बोटं सारखी आहेत का, शिवण उसवत नाही ना, मनगटाच्या पट्टीची तुरपाई घट्ट आहे का, एवढंच. शिवणारं माणूस मी एकही पाहिलेलं नाही.

एकही म्हणजे, एक सोडून. तीही पाहिलेली नाही, पण ओळखते. तुरपाई हातानं होते, आणि टाके नेहमी एका बाजूला कलतात. शंभरातल्या पाच-दहा जोड्यांवर मात्र ते बरोबर उलटे कललेले असतात. टाके घालणारी डावरी असणार. काय सुंदर हात आहे! एक टाका लहान नाही, एक मोठा नाही. मी तिचं नाव डावरीच ठेवलंय. रोजच्या मालाचा वेगळा गठ्ठा येतो, त्यावर तारखेची चिठ्ठी असते. गठ्ठा उघडला की मी आधी तिचे जोड शोधते. दिसले की बरं वाटतं.

साहेबांनी बेचाळीस प्रश्नांचा तक्ता दिलाय. बारा तारखेला कारखान्यात जायचं, तसं पत्रही त्यांना गेलंय. बेचाळीस प्रश्न विचारायला मिळणार आणि वर पगार! हे म्हणाले, तुझ्या स्वभावाला अखेर नोकरी मिळाली.

४ मार्च, बुधवार

प्रश्न विचारायचा सराव हवा म्हणून संध्याकाळी वन्संना समोर बसवलं. वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही, मी या घरात आले तेव्हा आधीपासूनच स्वयंपाकघरात होत्या. आज बासष्टच्या आहेत, पण कामाला माझ्यापेक्षा वाघ. त्या नसत्या तर मी नोकरी केली असती का, देव जाणे.

प्रश्न सहा, काम किती वाजता सुरू होतं? म्हणाल्या, दूध येतं तेव्हा. संपतं कधी? तुमची जेवणं झाली आणि ओटा पुसला की. प्रश्न नऊ, आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी? तर म्हणे, घराला कसली गं सुट्टी? प्रश्न अकरा, तुमचं ओळखपत्र, बँकेचं पुस्तक कुणाच्या ताब्यात असतं?

“तुझ्या कपाटात,” वन्सं म्हणाल्या. “आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये.”

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे पेपर वाचता वाचता म्हणाले, घर नापास, माल परत पाठवा. आता त्या कागदांचं असं आहे की नऊ वर्षांपूर्वी वन्सं बसमध्ये पिशवी विसरल्या होत्या. तेव्हापासून मी ते माझ्याकडे ठेवलेत. त्यांच्या हातून हरवतात, माझ्याकडे सुरक्षित असतात. बाराव्या प्रश्नाला, म्हणजे मनाला येईल तेव्हा काम सोडून जाता येतं का, याला त्या म्हणाल्या, थांब गं जरा. गॅसवर काहीतरी होतं म्हणून उठून गेल्या. पण सराव झकास झाला.

१२ मार्च, गुरुवार

जाऊन आले. पाय दुखताहेत, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

कारखाना लख्ख होता. भिंतींना ताजा चुना, दारात आग विझवायच्या लाल बादल्या, एका बादलीला तर किमतीचं लेबलही अजून तसंच होतं. मॅनेजर माणूस म्हणजे लोण्याहून मऊ. चहा काय, पंखा काय, जिथे जाईन तिथे सोबत. एकतीस बाया दोन रांगांत बसल्या होत्या आणि सगळ्यांच्या अंगात एकसारखे नवे एप्रन. दूरदूरच्या गावांहून आणलेल्या आहेत, राहायची सोय मागच्या इमारतीत. हजेरीपट पाहिला. तीन महिन्यांचा पट, एक खाडाखोड नाही, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच शाई, एकच अक्षर. आमच्या ऑफिसात असा नीटनेटका माणूस शोधून सापडायचा नाही. दर रविवारी सगळ्यांना सुट्टी. त्याची नक्कल मागितली, ती पण लगेच दिली.

आणि डावरी सापडली! दुसऱ्या रांगेत खिडकीशी, डाव्या हातात सुई. पंचविशीची असेल, अंगानं बारीक. मला इतका आनंद झाला की तक्ता बाजूला ठेवून मी तिच्यासमोर उभीच राहिले. म्हटलं, मी तुला केव्हाची ओळखते. ती घाबरून बघायला लागली. मग विचारलं, इथे खूश आहेस ना? तिनं आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, मग म्हणाली, हो. लाजाळू आहे बिचारी. एवढं कसब हातात असून जराही मिजास नाही.

बेचाळीसपैकी बेचाळीस प्रश्नांना बरोबरची खूण झाली.

१३ मार्च, शुक्रवार

अहवाल दिला. साहेब खूश. मग माझ्या डोक्यात आलं की चुका काढायला आपण बावीस वर्षं पत्रं लिहिली, एकदा कौतुकाचं लिहून बघू. मॅनेजरला लिहिलं की तुमच्या डावखुऱ्या कारागिरणीचे टाके मी कुठेही ओळखते, मागच्या पंचेचाळीस दिवसांच्या प्रत्येक गठ्ठ्यात तिचा हात आहे, एकही खाडा नाही, अशा बाईला बक्षीस द्यायला हवं. वन्संना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पंचेचाळीस दिवसांत एकदाही आजारी पडली नाही होय गं ती? म्हटलं, तरुण आहे.

१९ मार्च, गुरुवार

सोमवारपासूनच्या एकाही गठ्ठ्यात डावरी नाही. चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेवटी न राहवून मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, बाई, तुमच्याच पत्रामुळे तिला भरपगारी रजा देऊन घरी पाठवलं. ऐकून मी दोन इंच वर उचलली गेले. लोक म्हणतात कागदानं काही होत नाही! एका कागदानं एक बाई घरी पोचली.

वन्संना सांगितलं तर त्या भाजी निवडायच्या थांबल्या. घरी गेली? बरं झालं बाई, असं दोनदा म्हणाल्या. मग म्हणाल्या, समुद्राकाठी राहणारी त्यांची शाळेपासूनची मैत्रीण पुन्हा बोलावतेय, चार-आठ दिवस जाऊन यावं म्हणते. दरवर्षी बोलावते ती. मी म्हटलं, वन्सं, आता माझी तपासणी चाललीय, एप्रिल सरू दे, मग बघू. तुम्ही गेलात तर घरात कोण करणार? त्या बरं म्हणाल्या. कधी वाद घालत नाहीत, हे त्यांचं मोठं सुख आहे.

२४ मार्च, मंगळवार

गठ्ठे ज्या सुतळीनं बांधून येतात ती मी वन्संसाठी घरी आणते. त्यांना सुतळी, रबर, कागद, काही टाकवत नाही. कात्रीही लावू देत नाहीत, एकेक गाठ नखांनी सोडवतात आणि गुंडाळून डब्यात ठेवतात. आज सोडवता सोडवता म्हणाल्या, “हे कुणी डावऱ्या माणसानं बांधलंय गं. मागच्या वेळच्या सुतळ्या पटापट सुटल्या, या सगळ्या उलट्या बाजूनं सोडवाव्या लागताहेत.”

मी हातातला कप खाली ठेवला. गाठ बघितली. मी टाके बघणारी, सुतळीकडे कधी बघितलंच नव्हतं. तसं डावरी माणसं काय जगात एकच असतात?

२५ मार्च, बुधवार

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले आणि गोदामातले न उघडलेले गठ्ठे एकेक करून बघितले. सोळा मार्चनंतरच्या ज्या गठ्ठ्यांची सुतळी अजून तशीच आहे, त्या प्रत्येकाची गाठ उलटी आहे. प्रत्येक. बावीस तारखेचीसुद्धा. बावीसला रविवार होता.

मग हजेरीपटाची नक्कल काढली आणि शेजारी कॅलेंडर ठेवलं. पटात एक मार्च सुट्टी, आठ मार्च सुट्टी. त्या दोन्ही दिवसांच्या गठ्ठ्यांत डावरीचे टाके मी स्वतः मोजलेत, माझ्या वहीत आकडे आहेत. पंचेचाळीस दिवसांत सहा रविवार येतात. ते मला दिसले नाहीत. मी त्याला कौतुक म्हटलं.

ती घरी गेलेलीच नाही. बाईंना तुझा हात ओळखू येतो म्हणून तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि बांधाबांधीला बसवलं. त्यांना हे कळलं कसं, तर मी कळवलं. सुंदर अक्षरात, सही करून. आजवर मी शिवण उसवलेली पकडली, पण असा मूर्खपणा केला नव्हता. लाज वाटते. दुपारी डबा तसाच परत आणला.

२७ मार्च, शुक्रवार

साहेबांना म्हटलं, पुन्हा जायचंय, आणि या वेळी पत्र पाठवायचं नाही. ते कुरकुरले, पण माझा चेहरा बघून हो म्हणाले. माल आणायला जाणाऱ्या ट्रकमध्येच बसले. ड्रायव्हर म्हणाला, ताई, तुम्ही आत कशाला जाता, आत कुणाला सोडत नाहीत. गेली चार वर्षं तो तिथे जातोय. त्याला एवढं माहीत होतं, त्याला कुणी विचारलंच नाही. बेचाळीस प्रश्नांत ड्रायव्हरला विचारायचा एकही नाही.

सकाळी दहाला फाटकाला बाहेरून कुलूप होतं. रखवालदारानं ट्रकसाठी उघडलं आणि मी ट्रकबरोबर आत. मॅनेजर यायचा होता. एप्रन गायब होते, बादल्याही. डावरी कोपऱ्यात जमिनीवर बसून गठ्ठे बांधत होती. मला बघून तिनं हात थांबवला नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि या वेळी तक्ता काढला नाही. म्हटलं, माझ्या पत्रामुळे तुला इथे बसवलं ना? तिनं हातातला गठ्ठा बांधून पुरा केला. मग म्हणाली, “नऊ महिन्यांसाठी म्हणून आणलं होतं. दोन वर्षं झाली. मुलगी तीनची होती, आता फोनवर माझा आवाज ओळखत नाही. मला घरी जायचंय, ताई. कागद यांच्या कपाटात आहेत.”

गाठी ती बांधतच होती. बोटांच्या पेरांना सुतळीनं चिरा पडल्यात. मी तिला माझा नंबर दोनदा म्हणून दाखवला. तिनं तो पाठ केला.

मॅनेजर धापा टाकत आला. कपाट उघडा म्हटलं. आढेवेढे घेतले, मग उघडलं. वरच्या कप्प्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एकतीस ओळखपत्रं, वर रबर. तोंडावर हसू तसंच ठेवून तो म्हणाला, “त्यांच्या हातून हरवतात हो. माझ्याकडे सुरक्षित असतात.”

मला त्याला खूप काही सुनवायचं होतं. घरून वाक्यं जुळवून गेले होते. पण नुसती कार्डं मोजली आणि निघून आले. ट्रकमध्ये बसले. ड्रायव्हरनं विचारलं, ताई, बरं नाही का?

२८ मार्च, शनिवार

साहेब म्हणाले, सोपं आहे, त्यांचं काम आजच्या आज बंद. आपले हात स्वच्छ.

मी विचारलं, आणि त्या बाया? काम बंद झालं तर मॅनेजर त्यांना रस्त्यावर काढेल नाहीतर दुसऱ्या कुणाच्या फाटकाआड नेऊन घालेल, आणि कागद त्याच्याच कपाटात राहतील. आपले हात स्वच्छ, त्यांचे होते तिथेच. बड्या कंपनीला काय सांगायचं, असं साहेब म्हणाले. म्हटलं, खरं सांगायचं. माझा आधीचा अहवाल खोटा होता, मी फसले, हे माझ्या सहीनं लिहून देते. दोन तास डोकं खाल्लं त्यांचं. शेवटी ठरलं ते असं. कामगार कचेरीत रीतसर कळवायचं. कारखान्याच्या मालकाला लिहून द्यायचं की कागद ज्याचे त्याच्या हातात, फाटकाचं कुलूप काढायचं, रविवार खरा रविवार, जिला जायचंय तिला घरापर्यंत सोडायचं. हे होईपर्यंत पुढचा माल मागवायचा नाही, झालं तर काम चालू. आणि तिथे मी केव्हाही, न सांगता जाणार.

साहेब म्हणाले, तुमची बढती मला महागात पडली.

२ एप्रिल, गुरुवार

आज कागद दिले. कामगार कचेरीतल्या एक करड्या नजरेच्या बाई आल्या होत्या. मॅनेजर नव्हता, मालक स्वतः आला होता आणि सगळं आपल्याला आजच कळतंय असा चेहरा करून उभा होता. काय खरं काय खोटं ते कचेरीतल्या बाई शोधतील.

एकेकीला पुढे बोलावून तिच्या हातात तिचं ओळखपत्र दिलं. मला वाटलं होतं रडतील, ओरडतील. तसं काही नाही. प्रत्येकीनं आधी आपला फोटो बघितला. एक जण पदरानं पुसून पुन्हा पुन्हा बघत होती. डावरीनं कार्ड घेतलं, उलटसुलट केलं, आणि झंपरच्या आत ठेवून वरून हात दाबून धरला. गाडीत बसेपर्यंत तो हात तिनं काढला नाही. अकरा जणी घरी गेल्या, वीस जणींनी राहतो म्हटलं. मला त्याचंही नवल वाटलं. विचारलं तर एक जण म्हणाली, आता दार उघडं आहे ना, मग बघू.

घरी आले. माझं ओळखपत्र जागेवर ठेवायला कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत वन्संचं ओळखपत्र, बँकेचं पुस्तक, वर रबर. रबर मीच लावलंय.

किती वेळ उभी होते कोण जाणे. यांनी हाक मारली, जेवायला येतेस ना? स्वयंपाकघरात वन्सं पानं घेत होत्या. मी पिशवी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, हे तुमचं, माझ्याकडे राहून गेलं होतं. नऊ वर्षं राहून गेलं होतं!

वन्संनी ओले हात पुसले. कार्ड बाहेर काढलं, चष्मा नाकावर सरकवून बघितलं.

“फोटोत मी बरी दिसते गं,” म्हणाल्या. आणि मग, वाढता वाढता, माझ्याकडे न बघता, “मी पुढच्या शनिवारी जाईन म्हणते.”

बरं, म्हटलं. आणखी एक शब्द बोलले असते तर रडले असते, आणि रडायचा हक्क माझा नव्हता.

५ एप्रिल, रविवार

वन्सं बॅग भरताहेत. एवढीशी बॅग आहे, चार दिवस भरताहेत. हे हळूच मला म्हणाले, परत येईल ना गं ताई? मी म्हटलं, तुम्हाला चहा करता येतो का, हे आधी सांगा.

९ एप्रिल, गुरुवार

गेल्या रविवारचा गठ्ठा आलाच नाही. सोमवारचा आला, गाठी सगळ्या सुलट. पण माझं मन मानत नाही. मागच्या वेळीही टाके दिसेनासे झाले होते आणि मी पेढे वाटायच्या बेतात होते. डावरी निघून आठ दिवस झाले. पोचली असेल का? वाटेत कुणी उतरवून तर घेतलं नसेल? फोन उशाशी ठेवते. कचेरीतल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, गाव लांब आहे, तिथे रेंज धड नाही, धीर धरा. मला आणि धीर!

१२ एप्रिल, रविवार

काल वन्सं गेल्या. स्टँडवर ओळखपत्र आहे ना, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनीच पर्स थोपटून दाखवली.

आज दूध उतू गेलं. भाजी खारट झाली, ती यांनी मुकाट्यानं खाल्ली. ओटा पुसताना कळलं की तो किती लांब आहे. दुपारी हातात चिंधी असतानाच फोन वाजला, नंबर अनोळखी.

“ताई, पोचले.”

चिंधी टाकून मी फोन दोन्ही हातांनी धरला. विचारायचं इतकं होतं की एकही प्रश्न सुचेना, माझ्यासारखीला! तीच बोलली. मुलगी अजून जवळ येत नाही म्हणाली, दाराआडून बघते, ही कोण म्हणून आजीला विचारते. म्हटलं, येईल, घाई करू नकोस. मग तिनं विचारलं, ताई, ऐकताय ना? म्हटलं, ऐकतेय.

“सकाळी पाटीवर काहीतरी काढत बसली होती. खडू डाव्या हातात. मी गेले तेव्हा लहान होती, कळलं नव्हतं. डावरी आहे, ताई.”

पलीकडून एक बारीक आवाज आला, कुणाशी बोलतेस, असा. डावरी म्हणाली, थांबा हं, आणि फोन तसाच ठेवून गेली. मी बराच वेळ कानाला लावून बसले होते. बोलणं कळत नव्हतं. मग फोन बंद झाला.

हे वन्संना सांगायलाच हवं होतं. सुतळीची गाठ त्यांनीच ओळखली होती. त्यांच्या मैत्रिणीकडे लावला तर ती म्हणाली, ती नाहीये घरात, समुद्रावर गेलीय, एकटीच गेलीय, सकाळीही गेली होती. काही निरोप द्यायचाय का? कधी परत यायचं वगैरे?

नाही, म्हटलं. सहजच केला होता.